गोकर्णाचं पाणी भलत्याच डोळ्यात

डोळ्यात पाणी भरलंय, आणि बाहेरून कुणी कितीही मायेने पुसलं तरी ते पुसलं जात नाही, असं तुमचं कधी झालंय का?

माझं झालं. सबंध पावसाळा आणि निम्मा हिवाळा मी तसाच काढला.

मी एका पांढऱ्या पिकअप गाडीचा उजवा दिवा बोलतोय. गाडीच्या मागच्या भागात समोरासमोर दोन बाकडी आहेत आणि वर पत्र्याचं छप्पर. थायलंडच्या उत्तरेला, नानच्या डोंगरातल्या एका लहानशा गावातून रोज पहाटे निघायचं, भाजीवाल्या बायकांना त्यांच्या टोपल्यांसकट खाली पुआच्या बाजारात उतरवायचं आणि दुपारी परत घेऊन यायचं, हे आमचं काम. गावातून खाली जाणारी दुसरी गाडी नाही.

माझा जन्म समुद्राजवळच्या एका कारखान्यात झाला. आम्ही जुळे. एक डावा, एक उजवा. आधी आतली चकचकीत वाटी बसवली, मग पुढची पारदर्शक काच गोंदाने चिकटवली. काच आपली म्हणायची, खरं तर ते प्लास्टिकच. सगळ्यात शेवटी पाठीमागे एक रबरी नळी बसवली. करंगळीहून बारीक आणि तोंड खाली वळवलेली. ती कुणाच्या नजरेत येत नाही. पण बल्ब तापला की आतली हवा फुगते आणि त्या नळीतून बाहेर जाते. निवला की तिथूनच परत आत येते. तुम्ही नाकाने जे करता ते आम्ही त्या नळीने करतो. कधी ओलावा आत शिरलाच, तर तोही त्याच वाटेने निघून जातो.

माझा पहिला मालक खाली सपाटीवरचा एक ठेकेदार होता. त्याने मला कधी पुसलंही नाही आणि कधी दुखावलंही नाही. त्याने मोठी गाडी घेतली तेव्हा आम्हाला विकून टाकलं, आणि आम्ही इनताकडे आलो.

गावात सगळे त्याला लुंग इनता म्हणतात. लुंग म्हणजे मामा. वयाने मोठा असला की इथे तो सगळ्यांचाच मामा होतो. गाडी आणली त्याच दिवशी लुंगने ती विहारात नेली. थोरल्या भंतेंनी चालकाच्या डोक्यावर येईल अशा जागी छताला पांढऱ्या गंधाचे ठिपके लावले, मंत्र म्हटले आणि काड्यांच्या जुडीने गाडीवर पाणी शिंपडलं. भंते वळले, तसा लुंग घुटमळला. लाजत लाजत म्हणाला, "भंते, जरा दिव्यांवरही."

"दिव्यांना कशाला रे?"

"रस्ता तेच बघतात. मी त्यांच्या मागून बघतो."

भंते हसले आणि आम्हा दोघांवर त्यांनी भरपूर पाणी शिंपडलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस कुठला, असं कुणी विचारलं तर मी तोच सांगेन.

लुंग आम्हाला रोज पहाटे पुसायचा. कमरेचा चौकड्यांचा पंचा सोडायचा, आधी डाव्याला पुसायचा, मग मला. इथे हिवाळ्यात दंव इतकं पडतं की गाडी धुतल्यासारखी ओली असते. तो पुसायचा, बोटाने ठक ठक करायचा आणि म्हणायचा, "उघडा डोळे." मग किल्ली फिरवायचा.

आता जे झालं ते सांगतो. कुणी माझ्या वाइटावर असल्यामुळे ते झालं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

एप्रिलच्या कडक उन्हात इथे सोंगक्रान येतो, म्हणजे नवं वर्ष. त्या दिवसांत रस्त्यावरून कोरडं कुणी जात नाही. रस्त्याकडेला पिंपं भरून ठेवतात, त्यात बर्फाच्या लाद्या टाकतात, आणि येणाऱ्या जाणाऱ्या गाडीवर बादल्या रिकाम्या करतात. पांढऱ्या मातीचा लेप करून तोही गाडीला फासतात. हा आशीर्वादच असतो, त्यामुळे रागवायची सोय नाही. दर वर्षी थोडं पाणी माझ्या आत जायचं. आठवडाभर मी धुरकट दिसायचो आणि मग नळीतून सगळं निघून जायचं. लुंगला मात्र ते बघवायचं नाही. सण संपला की तो रोज माझ्याकडे वाकून बघायचा आणि चुकचुकायचा.

म्हणून गेल्या सोंगक्रानच्या आदल्या दिवशी त्याने माशांच्या टाक्या जोडतात तो गोंद आणला. गाडीचं तोंड उघडलं, हात खाली घातला आणि चाचपत माझी नळी शोधून काढली. "इथून शिरतं होय रे पाणी," असं म्हणून त्याने नळीच्या तोंडात गोंद भरला, वरून अंगठ्याने दाबला. वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं, तेही बुजवलं. मग तो डाव्याकडे गेला. पण त्या बाजूला बॅटरी आहे. त्याचा हात तिथे पोचेना. दोनदा बोट खरचटल्यावर तो म्हणाला, तू राहा असाच.

डावा तसाच राहिला आणि वाचला.

सणाच्या दिवशी आम्ही उन्हात तापलेलो होतो. तेवढ्यात कुणीतरी बर्फाच्या पाण्याची आख्खी बादली माझ्या तोंडावर मारली. इतक्या वर्षांची काच आणि इतक्या वर्षांचा गोंद. वरच्या कडेला केसाएवढी चीर गेली. तेवढी आत यायला पुरली. पाणी आत आलं आणि बाहेर जायची वाट शोधत बसलं. वाट नव्हती.

मी बल्ब तापवून हवा फुगवायचो, ती नळीपर्यंत जायची आणि गोंदाला धडकून परत यायची. पाण्याची वाफ व्हायची आणि परत पाणी व्हायचं. घुसमटणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पावसाळ्यात त्या चिरेतून आणखी पाणी येत गेलं.

तुम्ही म्हणाल, मग कुणाला दिसलं कसं नाही? तीच तर माझी तडफड होती. दुपारच्या उन्हात माझ्या काचेवरचं सगळं पाणी हवेत विरायचं आणि काच स्वच्छ दिसायची. पहाटेच्या गारठ्यात ते परत काचेवर जमायचं, पण त्या वेळी बाहेरूनही दंव असायचं. लुंग पंच्याने बाहेरचं दंव पुसायचा, ठक ठक करायचा, "उघडा डोळे" म्हणायचा आणि अंधारात जाऊन बसायचा. मी डोळे उघडायचो. समोर नुसतं दूध.

लुंग वाकून वाकून गाडी चालवू लागला. नाक गाडीच्या समोरच्या काचेला टेकायचं. डाव्या बाजूला दरी आहे, तिच्या धास्तीने तो गाडी रस्त्याच्या मधोमध घ्यायचा, आणि उजवी बाजू तर दिसायचीच नाही. मागे बसणाऱ्या बायकांना हे कळायला वेळ लागला नाही. त्यांतली पा खमप्योंग मिरच्या विकते, तिच्या जिभेलाही तिखट लागलेलं. पा म्हणजे मावशी. एकदा ती मागच्या जाळीतून म्हणाली, "लुंग, गाडी रस्ता बघून चालवतोयस का आठवणीने?"

सगळ्या हसल्या. लुंगही हसला. पण घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला की उजवीकडचं दिसत नाही, सगळं पांढरं पांढरं होतं.

त्याची बायको बुआचुम. हातातलं काम न सोडता तिने त्याला खाली गॅरेजमध्ये दिवा दाखवायला सांगितलं. त्याने दाखवला. पण बाजारात पोचून, बायकांना उतरवून, तिखट नूडल्सचा वाडगा संपवून तो गॅरेजमध्ये गेला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. माझी काच लख्ख होती. मेकॅनिकने दिवा लावला, विझवला, परत लावला. म्हणाला, "दिवा झकास आहे, लुंग. डोळे तपासून घे."

मी काय करणार होतो? माझ्यात बल्ब आहे, तोंड नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, पहाटे ये रे बाबा, पहाटे बघ मला.

त्या दिवसापासून सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की लुंगचे डोळे गेले. त्यानेही ठरवलं. त्याचा बाप म्हातारपणी आंधळा झाला होता. घराच्या ओट्यावर बसून पायांच्या आवाजावरून कोण आलं ते ओळखायचा आणि चुकला की रडायचा. लुंगने ते पाहिलं होतं. त्यामुळे बुआचुम कितीही म्हणाली तरी तो दवाखान्यात जायला तयार होईना. तिथे गेलो तर ते सांगतील, एवढंच म्हणायचा. सांगितलं नाही तोवर ते खरं नाही, असं त्याला वाटत असावं.

मग बुआचुमने तिचे उपाय सुरू केले. कुंपणावर गोकर्णाचा वेल आहे. ती रोज सकाळी ओंजळभर निळी फुलं तोडायची, पाण्यात उकळायची, आणि ते निळं पाणी गार करून लुंगच्या डोळ्यांवर त्याच्या पट्ट्या ठेवायची. उरलेलं त्याला प्यायला लावायची. अंगणातल्या बाकावर तो आडवा पडलेला, डोळ्यांवर निळ्या पट्ट्या, ओठ निळे, आणि ती शेजारी बसून भोपळ्याचे कोवळे वेल निवडतेय. हे सगळं मला समोरून दिसायचं. त्याचा डोळा निरोगी होता. पाणी माझ्या डोळ्यात होतं. औषध त्याला आणि आजार मला, असं किती दिवस चालायचं?

डाव्याला मी हजारदा सांगितलं असेल की तू तरी काही कर. तो तरी काय करणार? बिचारा आपला उजेड माझ्या बाजूला वळवायला बघायचा. पण डाव्याला डावीकडेच बघायला बसवलेलं असतं.

आणि मग ती पहाट आली.

धुकं दाट होतं, पण या डोंगरात ते रोजचंच. विहाराजवळच्या वळणावर लुंगने गाडी सवयीने मधोमध घेतली. त्याच वेळी उजव्या कडेने थोरले भंते आणि त्यांच्या मागे तिघे भिक्खू अनवाणी, भिक्षापात्रं घेऊन गावाकडे चालले होते. मी असा दूध झालो नसतो तर त्यांची भगवी वस्त्रं लांबूनच दिसली असती. मला ती दिसली तेव्हा ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

लुंगने ब्रेक दाबला. गाडी घसरली आणि थांबली. कुणाला लागलं नाही. पण भंते मागे सरताना त्यांच्या हातातलं पात्र सुटलं आणि रस्त्यावरून घरंगळत माझ्या चाकाला येऊन लागलं. वाटेवरच्या कुणा बाईने नुकताच वाढलेला चिकट भात मातीत पडला होता.

लुंग खाली उतरला आणि ओल्या रस्त्यावर तसाच पालथा पडला. कपाळ टेकलेलं, हात पुढे. उठेचना. भंतेंनी स्वतः पात्र उचललं, पदराने पुसलं. मग म्हणाले, "भात सांडलाय, इनता. माणूस नाही सांडला. ऊठ."

तो उठला. गाडीत बसला. बाजार येईपर्यंत मागे कुणी एक शब्द बोललं नाही. पा खमप्योंगसुद्धा नाही. ती नेहमीसारखी काहीतरी टोचून बोलली असती तर बरं झालं असतं. तिची जीभ गप्प राहिली तेव्हा लुंगला कळलं की आता आपल्याला कुणी काही म्हणणारही नाही.

दुपारी घरी आल्यावर त्याने मुलीला फोन केला. तिचं नाव सुपित, ती बँकॉकला असते. ती केव्हापासून सांगत होती की बाबा, आता पुरे, दोघं इकडे या. पण तिची खोली चौदाव्या मजल्यावर. तिथे बुआचुमचा वेल कुठे चढणार? लुंग फोनवर एवढंच म्हणाला, "तू म्हणत होतीस ना, गाडी विकत घ्यायला एक जण तयार आहे, त्याला उद्या सकाळी यायला सांग." पलीकडून ती काहीतरी विचारत राहिली. त्याने फोन बुआचुमकडे दिला आणि अंगणातल्या बाकावर पाठ करून बसला.

मला ऐकू येत होतं. सगळं ऐकू येत होतं. उद्या मी कुणाच्या तरी गाडीचा दिवा होईन, तो मला उपटून टाकेल आणि नवा बसवेल, त्याचं मला काही नव्हतं. पण हा माणूस आपले चांगले डोळे आंधळे समजून चौदाव्या मजल्यावर जाऊन बसेल. बापासारखा पायांचे आवाज ऐकत बसेल. आणि ते माझ्यामुळे. लुंग, तुझे डोळे ठीक आहेत रे, मीच आंधळा झालोय, हे त्याला सांगायला मला एक क्षणभर तोंड मिळालं असतं तर त्याबदल्यात मी फुटायला तयार होतो.

बुआचुम फोन ठेवून आली. तिचे डोळे लाल होते. तिने झऱ्यावरून येणाऱ्या नळाला पाइप जोडला आणि गाडी धुवायला घेतली. गाडी विकायची असली म्हणून काय झालं, मळकी कशी द्यायची, असं तिच्या मनात असणार. तिचं सगळं तसंच असतं.

उतरतं ऊन थेट माझ्यावर होतं. मी तापलेला होतो. तिने झऱ्याचं ते बर्फासारखं पाणी माझ्यावर सोडलं आणि त्याबरोबर माझ्या आत एकदम धुकं दाटलं. त्या धुक्याचे थेंब झाले. थेंब काचेवरून घळाघळा ओघळू लागले.

तिने फडक्याने पुसलं. ओघळ तसेच. तिने परत पुसलं. मग जोर लावून पुसलं. मग तिने फडकं टाकलं आणि नुसतं बोट एका थेंबावर ठेवलं. बोट बाहेर, थेंब आत. तिने बोट सरकवलं, थेंब जागचा हलला नाही. मग तो आपल्या मर्जीने खाली ओघळला.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. माझ्याकडे बघत. तिच्या तोंडाजवळ माझं तोंड होतं. मी थरथरत होतो की नाही ते मला सांगता येत नाही, पण जे काही माझ्यात होतं ते सगळं मी त्या काचेवर आणून ठेवलं.

"म्हाताऱ्या," ती न वळता म्हणाली, "इकडे ये."

तो आला नाही. तिने परत हाक मारली, तेव्हा पाय ओढत आला.

"तुझ्या डोळ्यात नाही रे पाणी," ती म्हणाली. "ह्याच्या डोळ्यात आहे."

लुंग वाकला. बघत राहिला. मग त्याने गाडीचं तोंड उघडलं, हात खाली घातला आणि चाचपडत माझी नळी शोधली. त्याचा अंगठा गोंदाच्या त्या गोळ्यावर आला. त्याच अंगठ्याची खूण त्या गोंदात अजून होती. बराच वेळ त्याचा हात तिथेच राहिला. बुआचुमने काय झालं ते विचारलं, तर तो म्हणाला, "हे मीच कोंबलंय." बस्स, एवढंच.

ती म्हणाली, "मग काढ. बघत काय बसलास?"

त्याने नखाने, मग सुरीच्या टोकाने गोंद उकरून काढला. वरचं भोकही मोकळं केलं. माझ्यातलं साचलेलं पाणी आधी थेंब थेंब आणि मग धार धरून त्याच्या मनगटावरून खाली गेलं. पाठोपाठ हवा आली. डोंगरातली गार, ओल्या पाल्याच्या वासाची हवा. काय सांगू तुम्हाला.

बुआचुम आत गेली. मिठाला पाणी सुटू नये म्हणून ती बरणीत भाजलेले तांदूळ ठेवते. तसेच मूठभर तांदूळ तिने परत कोरडे भाजले, फडक्यात बांधून आणले आणि बल्ब काढून त्या भोकातून पुरचुंडी आत लोंबकळत ठेवली. ऊन जाईपर्यंत मी त्या खरपूस वासात बसून होतो. मग बल्ब बसवून त्यांनी मला पेटवलं. लुंगने कडेची ती केसाएवढी चीरही शोधली आणि उरलेला गोंद तिथे लावला. गोंदाला योग्य जागा मिळाली. जरा उशिराच, पण मिळाली.

दोघं बाकावर बसून माझ्याकडे बघत होती. शेवटचा थेंब गेला तसा लुंगने डोळ्यांवर हात धरला. बुआचुम म्हणाली, "आता तुझ्या डोळ्यात पाणी आलं बघ. पट्टी आणू का निळी?" आणि तिने सुपितला फोन लावला, त्या माणसाला येऊ नको म्हणून सांग.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. कुणाचं भलं करायला निघालात, तर त्याची श्वास घ्यायची वाट आपल्या हाताने बुजत नाही ना, तेवढं एकदा चाचपून बघा. आणि कुणाचा डोळा ओला दिसला तर ते पाणी आत आहे की बाहेर, हे बोट लावून पाहा. नुसतं पुसून भागत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं तसंच होतं. विहाराजवळच्या वळणावर भंतेंची भगवी वस्त्रं लांबूनच दिसली, तेव्हा लुंगने गाडी कडेला घेऊन थांबवली, त्यांच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून आम्हाला विझवलं, आणि ते चौघे पुढे जाईपर्यंत तो माझ्या शेजारी हात जोडून उभा राहिला.